करंट आला तरी पंप उठंना? फिश टँकचा रिटर्न पंप घेताना काय काय बघायचं

मागच्या पंचमीला आम्ही सगळे सासुरवाडीला गेलतो, खानापूरच्या पुढं, दोनच दिवस. पाऊस नुसता कोसळायलेला, फोनला रेंज नाही, आणि तिकडं एकदा करंट गेला की कधी यील ते काय सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेळगावात घरी आलो, कुलूप काढलं आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या कळलं की कायतरी बिघडलंय, कारण हॉलमधनं पाण्याचा आवाजच येत नव्हता. बटण दाबलं तर लाईट लागली, पंखा फिरायला लागला, टँकवरचा दिवा पण चालू, पंप तेवढा बंद. खाली वाकून संपाजवळ, म्हणजे टँकच्या खालच्या टाकीजवळ, कान नेला तर पंप नुसता घूं घूं करतोय, हात लावला तर चांगलाच गरम, पण पाणी काय ढकलंना. वरच्या टँकात चार-पाच मासे पाण्यावर तोंड काढून हवा घ्यायलेले आणि आमचा मोठा ऑस्कर, दोन वर्षं सांभाळलेला, पोरीच्या हातातनं खाणारा, आडवा झालेला.

रात्रीच पंप खोलला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, त्यासाठी शिव्या पण खाल्ल्या. इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरणाऱ्या पात्यांवर, चुन्यासारखा पांढरा थर, तो ज्या दांडीवर फिरतो त्या शाफ्टच्या बुशात शेवाळाचा चिकट गाळ, आणि वर एक बारकी गोगलगाय चिरडून अडकलेली. आता गंमत बघा, आम्ही घरातनं निघालो त्या सकाळपर्यंत हाच पंप मस्त चालत होता. पंप आतनं घाण झालेला असला तरी एकदा फिरायलाय म्हटल्यावर ओढत ओढत फिरत राहतो, कळत पण नाही, पण थांबला की जाग्यावरनं उठायला जो जोर लागतो तो त्याच्यात उरलेला नसतो. म्हणजे पंप कामातनं गेलता दीड-दोन महिन्यापूर्वीच, आम्हाला कळलं करंट गेल्यावर.

तेव्हापासनं मला कोण पंपाबद्दल विचारलं की मी आधी हेच सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्या भागात लाईट दिवसातनं किती वेळा जाते-येते ते मोजायच्या भानगडीत पडू नका, पण पंप असा घ्या की जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा आपोआप उठला पाहिजे, घरात कोण नसताना पण. लिटर, वॅट, आवाज, किंमत हे सगळं त्याच्या नंतर.

एक सांगून ठेवतो, आमच्याकडं संप म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अंगणातली जमिनीखालची पाण्याची टाकी येते. हा संप म्हणजे फिश टँकच्या खाली स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातनं आपल्या वजनानं खाली उतरतं, फ्लॉस, स्पंज, सिरॅमिक रिंगा असल्या कप्प्यातनं गाळत गाळत शेवटच्या कप्प्यात येतं आणि तिथनं रिटर्न पंप ते परत वर टाकतो. उतरायचं काम फुकटात होतं, चढवायचं काम एकट्या पंपाचं. तो थांबला की उतरायचं पण थांबतं, पाण्याचा वरचा थर हलायचा बंद होतो, हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळायचा कमी होतो, आणि मोठे मासे पहिल्यांदा जातात कारण त्यांना लागतो जास्त.

किती मोठा पंप घ्यायचा याचा हिशोब सोपा आहे पण लोक अर्धाच करतात. माझा टँक चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे ९ घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर धरले तर २५४ लिटर. वरची मोकळी जागा, वाळू, दगड, लाकूड वजा जाता खरं पाणी साधारण २२० लिटर. घरगुती गोड्या पाण्याच्या टँकाला तासाला चार-पाच पट पाणी संपातनं फिरलं की बास झालं, म्हणजे ९०० ते ११०० लिटर. ऑस्कर, गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न असले खादाड आणि घाण करणारे असतील तर सहा पटीपर्यंत जावा. नुसतेच एंजलफिश असतील तर चार पट पण पुष्कळ, त्या बिचाऱ्यांना जोरात वाहणारं पाणी सोसत नाही. खाऱ्या पाण्याच्या टँकवाल्यांना प्रवाह भरपूर लागतो पण तो आता वेवमेकरनं, म्हणजे टँकातच पाणी ढवळणाऱ्या वेगळ्या पंपानं देतात, सगळं रिटर्न पंपाच्या डोक्यावर टाकत नाहीत. आणि उगच मोठा असू दे म्हणून दुप्पट पंप घेतला तर ओव्हरफ्लोला तेवढं पाणी खाली सोडायला जमत नाही, मग वरची लेव्हल चढत जाते आणि गुरगुर आवाज सुरू होतो ते वेगळंच.

आता राहिलेला अर्धा हिशोब, जो मला आप्पांनी शिकवला. नवीन पंपाचा बॉक्स घेऊन मी गावाकडं गेलतो, म्हटलं जरा दाखवू. बॉक्सवर मोठ्या अक्षरात तासाला २५०० लिटर, खाली बारीक अक्षरात एच मॅक्स ३ मीटर. आप्पा म्हणजे चाळीस वर्षं विहिरीवरची पाच एचपीची मोटर सांभाळलेला माणूस. चष्मा कपाळावर सारून बॉक्स हातभर लांब धरला आणि वाचला.

“हे अडीच हजार किती उंचीवर रे?”

“तसं काय लिहिलेलं नाही आप्पा.”

“मग शून्यावर आसंल. आणि ह्ये तीन मीटर म्हंजे तितवर पाणी जातंय म्हणून समजू नको. तितं पाणी थांबतंय. पाइपात नुसतं हुबं राहतंय, भाईर थेंब येत न्हाई.”

एवढंच बोलून बॉक्स परत दिला आणि तंबाखू मळायला लागले. पण मुद्दा सगळा तिथंच आला. बॉक्सवरचा मोठा आकडा म्हणजे पंप नुसता बादलीत ठेवून तोंडाशी जे पाणी बाहेर पडतं ते, आणि एच मॅक्स म्हणजे जिथं पाणी शून्य होतं ती उंची. तुमचा टँक या दोन्हीच्या मधी कुठंतरी असतो. चांगला पंप असेल तर सोबतच्या कागदावर आलेख असतो, एका बाजूला उंची, एका बाजूला लिटर, तो बघून सरळ आकडा काढता येतो. आलेख नसेल तर मनात एक सरळ रेघ ओढा, निम्म्या उंचीला निम्मं पाणी, अंदाजाला एवढं पुरतं.

उंची मोजताना पंपापासनं मोजू नका, संपातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासनं वर पाणी पडतं तिथपर्यंत मोजा. माझं स्टँड अडीच फूट, त्यावर दीड फुटाचा टँक, म्हणजे चार फूट, त्यातनं संपातल्या पाण्याची उंची पाऊण फूट वजा, राहिले सव्वातीन. त्यात पाइपाची काटकोनी वळणं, म्हणजे एल्बो, तीन, प्रत्येक एल्बोला मी अर्धा फूट धरतो, हा माझा ठोकताळा आहे, पुस्तकातला नाही. झाले पावणेपाच फूट, म्हणजे जवळजवळ दीड मीटर. एच मॅक्स ३ मीटरवाल्या पंपाला दीड मीटर म्हणजे बरोबर निम्मं, २५०० चे राहिले साडेबाराशे. मला पाहिजे होते हजार-अकराशे, म्हणजे जमलं. हाच हिशोब न करता १२०० लिटर लिहिलेला पंप आणला असता तर वर सहाशे पण आलं नसतं, आणि बाहेर सांगत फिरलो असतो की कंपनीनं फसवलं.

पाइपाचं पण बघा. पंपाचं तोंड पाऊण इंची असेल तर तिथनं पुढं एक इंची पाइप टाका, एक साइज मोठा, अर्धा इंची तर कधीच नको. काटकोनी एल्बोच्या ऐवजी जमलं तर ४५ चे दोन बेंड वापरा नाहीतर सरळ जाड होज वापरा, पाण्याला वळणं जेवढी गोल तेवढं वर जास्त पोचतं. पाणी कमी करायचं असेल तर बॉल वॉल्व पंपाच्या पुढं लावायचा, पाणी खेचतो त्या बाजूला अडवायचं नाही. त्या बाजूला अडवलं की पंपाला पाणी पुरंना, आत बुडबुडे व्हायला लागतात, गारगोट्या हलवल्यासारखा आवाज येतो आणि लवकर खराब होतो. चोक झालेल्या स्पंजनं पण हेच होतंय हे लक्षात ठेवा.

हिशोब केला तरी एकदा बादली लावून खात्री करावी. पाइपाचं वरचं टोक टँकच्या काठाएवढ्या उंचीवर धरायचं, तिथनं पाणी मोकळं खाली दहा लिटरच्या बादलीत पडू द्यायचं आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. ३६००० ला सेकंदानी भागलं की तासाचे लिटर मिळतात. माझी बादली ३४ सेकंदात भरली, म्हणजे १०५८. कागदावर साडेबाराशे, बादलीत १०५८, एवढा फरक मी सोडून देतो. हे करताना संपातलं पाणी दहा लिटरनं उतरतं, तेव्हा पंप उघडा पडणार नाही एवढं पाणी आधी भरून ठेवा, कोरडा पंप फिरवला तर शाफ्टची वाट लागते. बादलीचा आकडा पंपाच्या बॉक्सवरच मार्करनं लिहून ठेवा, तारखेसकट. सहा महिन्यानी परत मोजलं की पंप किती उतरलाय ते कळतं.

आता मूळ मुद्दा, उठायचं. साधा एसी पंप म्हणजे आत एकच फिरणारा भाग, चुंबक बसवलेला इंपेलर. आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनवर तो मिनिटाला ३००० फेरे मारतो, ना कमी ना जास्त. सुरू होताना बरेचसे स्वस्त पंप कधी उजवीकडं फिरतात कधी डावीकडं, म्हणून तर त्यांच्या इंपेलरची पाती सरळ असतात. चालू केल्यावर पहिल्या सेकंदाला टकटक करतात ते याच्यामुळं, तेवढ्यावरनं घाबरू नका. पण टकटक चार-पाच सेकंद चालली, किंवा चालू केल्यावर नुसता थरथरला आणि मग उठला, तर नवीन असला तरी तो पंप घेऊ नका.

माझी रीत अशी आहे की दुकानातच बादलीभर पाणी मागायचं, पंप त्यात सोडायचा आणि बटण वीस वेळा चालू-बंद करायचं, मधलं अंतर कधी एक सेकंद, कधी पाच, कधी अर्धा मिनिट. पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुकानदार वैतागला, “एनू आगंगिल्ल री, तगोंड होग्री”, म्हणजे काय होत नाही, घेऊन जावा. मी म्हटलं होत नाही तर मग बघूया की. सोळाव्या वेळेला पंप अडकला. त्यानं गुपचूप दुसरा काढून दिला, तो वीसच्या वीस वेळा उठला, तो आजपर्यंत चालतोय. ऑनलाइन मागवला तर हीच परीक्षा घरी पहिल्याच दिवशी घ्या, परत पाठवायची मुदत संपायच्या आत, आणि खोक्याची नासधूस करू नका.

डीसी पंपाचं जरा वेगळं आहे. त्याला अॅडॉप्टर आणि कंट्रोलर असतो, स्पीड कमी-जास्त करता येतो, मासे खायला घालताना दहा मिनिटं थांबवायचं बटण असतं, आवाज जवळजवळ नाही आणि तेवढ्याच पाण्याला वॅट कमी खातो. मला स्वतःला आवडतो. पण त्याच्यात बिघडतो तो बहुतेक वेळा कंट्रोलर, पंप नाही, आणि कंट्रोलर सुटा मिळाला नाही तर चांगला पंप हातात घेऊन बसायची पाळी येते. म्हणून घेताना विचारा की कंट्रोलर आणि अॅडॉप्टर वेगळे मिळतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, करंट जाऊन आल्यावर तो आपल्या जुन्या स्पीडला परत येतो का स्टँडबायला जाऊन बटण दाबायची वाट बघत बसतो. काही स्वस्त कंट्रोलर असं करतात. दिसायला सगळं झकास, दिवा लुकलुकतोय, पण पंप बंद. घरात कोण नसताना तसला पंप आणि बंद पडलेला पंप एकच की. अॅडॉप्टरची वायर बोर्डातनं काढून परत लावून बघा, कंट्रोलरवरच्या बटणानं नाही. कंट्रोलरच्या बटणानं केलेल्या परीक्षेला काय अर्थ नाही.

एसी का डीसी, तर माझं मत असं की पहिलाच टँक असेल, बजेट आखडतं असेल तर बरा एसी पंप घ्या आणि सुटा इंपेलर घेऊन ठेवा. हॉलमध्ये बसून टीव्ही बघता, आवाज नको, बिलाची काळजी आहे, तर डीसी. पण मग कमीत कमी स्पाइक गार्ड लावा, कारण करंट परत येतो त्या क्षणाला जो झटका येतो तो एसी पंप पचवतो, कंट्रोलरच्या आतलं सर्किट पचवेलच असं नाही.

इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेवचा आहे का बघा. स्क्वेअर वेववाल्यावर एसी पंप भुणभुणतो आणि तापतो. गावाकडच्या घरात अजून एक लफडं, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, मी मीटर लावून १८५ बघितलंय, आणि २३० च्या हिशोबानं केलेला पंप तेवढ्यात चालता चालत राहतो पण थांबला की उठायला कुरकुरतो. तिथं स्टॅबिलायझर लावल्याशिवाय जमत नाही. बाहेरनं कोण आणून दिलेला पंप असेल तर लेबल वाचा, ११० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर कितीही भारी कंपनीचा असू दे, आपल्या बोर्डात लावायचा नाही.

वॅटकडं लोक बघतच नाहीत, आणि हा पंप घरातल्या फ्रिजसारखा चोवीस तास चालणार आहे. एक वॅट महिनाभर चालला की ०.७२ युनिट. ४५ वॅटचा पंप ३२.४ युनिट खातो, २० वॅटचा १४.४. फरक १८ युनिटचा. आपल्याकडं गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची २०० युनिटपर्यंत फुकट लाईटची योजना, आल्यापासनं तर हे जास्तच बघायला पाहिजे, कारण महिन्याला २०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं, आणि जे आधीच १८५-१९० ला आहेत त्यांना एक पंप पलीकडं ढकलतो. आमच्या शेजारच्या काकींनी दोन महिने बिल घेऊन सगळ्या गल्लीला विचारलं, मीटर बदललाय काय म्हणून, तिसऱ्या महिन्यात कळलं की पोरानं नवीन टँक बसवलाय. दुसरं म्हणजे पाण्यात बुडालेल्या पंपाचा वॅट शेवटी पाण्यातच उष्णता होऊन जातो. बेळगावची हवा थंड म्हणून मिरवतो आपण, पण एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३० च्या वर जातं तेव्हा हा पंपाचा हीटर कुणालाच नको असतो, गरम पाण्यात ऑक्सिजन राहतो पण कमी.

दुकानात पंप हातात घेतला की पुढचं झाकण उघडून बघायला मागा. फिरवलं की निघतं, त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर लागायला लागला तर साफ कोण करणार. शाफ्ट पांढरा सिरॅमिकचा पाहिजे, स्टीलचा गोड्या पाण्यात एकवेळ चालेल, खाऱ्या पाण्यात गंजतो. इंपेलर बोटानं आजूबाजूला हलवून बघा, मी दिवसभर उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर असतो त्यामुळं हाताला प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो पण तुम्हाला पण कळेल, शाफ्टवर तो सैल डुगडुगत असेल तर काही महिन्यात खडखड सुरू होते. वायर जिथं बॉडीत जाते ती जागा बघा, मोटर सगळी इपॉक्सीत बुजवलेली पाहिजे, तिथं चीर, बुडबुडा, ओघळ काही दिसलं तर बाजूला ठेवा. वायरची लांबी पण मोजा, दीड मीटरची वायर स्टँडमधनं बोर्डापर्यंत पोचत नाही, आणि पाण्याच्या पंपाच्या वायरला जोड मारून टेप गुंडाळणं हा प्रकार मी घरात चालवून घेत नाही.

कंपनीचं विचाराल तर जर्मनीचा ईहाईम आणि इटलीचा सिचे महाग पडतात पण त्यांचे इंपेलर, शाफ्ट, रिंगा सुट्या मिळतात, मागवाव्या लागतात एवढंच. जेबाओ, सोबो, सनसन हे चीनचे, आपल्याकडं सगळीकडं मिळतात, त्यात मॉडेल बदलत राहतात, म्हणून पंप घेतानाच त्याच मॉडेलचा इंपेलर मागून घ्यायचा, नंतर मिळेल म्हणून सोडायचं नाही. कूलरचा पंप लावणारे पण आहेत, १८ वॅटचा, स्वस्त, पण त्याची उंची गाठायची ताकद कमी आणि तो चोवीस तास वर्षभर पळण्यासाठी केलेला नसतो. संपाला तो नको. बेळगावात नाही मिळालं तर कोल्हापूर जवळ आहे, मुंबईला कोण जाणार असेल तर क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारायला सांगा. कुठनं पण घ्या, पण बिलावर दुकानाचा शिक्का आणि तारीख पाहिजे.

बसवल्यावर पहिलं काम, टँक भरलेला, पंप चालू, आणि मग बोर्डातनं बटण बंद करायचं. पंप थांबला की वरच्या टँकातलं पाणी रिटर्नच्या पाइपातनं उलटं संपात यायला लागतं, पाइपाचं टोक जिथंपर्यंत बुडालंय तिथंपर्यंत येत राहतं. माझ्या टँकात एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर, टोक दोन इंच खाली असेल तर २८ लिटर आणि ओव्हरफ्लोमधलं थोडं. एवढी मोकळी जागा संपात नसेल तर करंट गेल्यावर हॉलमध्ये पाणी, आणि रात्री दोनला पायाला गार लागल्यावर जाग. उपाय म्हणजे टोक वर घ्या, आणि पाइपाला पाण्याच्या लेव्हलच्या थोडंसं खाली एक बारकं भोक पाडा, लेव्हल भोकापर्यंत उतरली की तिथनं हवा शिरते आणि उलटं येणं तुटतं. भोकात शेवाळ बसतं, काच पुसताना टूथपिक घालून साफ करा. नॉन रिटर्न वॉल्ववर विश्वास ठेवू नका, त्यात एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो. हे करून झाल्यावर संपाच्या आतनं दोन खुणा करा, एक पंप चालू असतानाची लेव्हल, एक बंद असतानाची. चालूच्या खुणेवर पाणी भरायचं बंद, म्हणजे बायकोनं भरलं तरी चूक होत नाही (हे तिनं वाचलं तर मी भरलं तरी, असं वाचावं).

शॉकचं. सुरवातीला मी सांगितलं की चालू पंपाला हात लावला, ते चूकच केलं. हात घालायच्या आधी बटण बंद, आणि नुसतं बटण नाही, पिन काढायची. पंपाला चपटी पिन असेल तर तिच्यावर अॅडॉप्टर चढवत बसू नका, सैल बसतं आणि ठिणग्या मारतं, वायरमनकडनं चांगला थ्री पिन टॉप बसवून घ्या. वायर बोर्डाकडं जायच्या आधी खाली लोंबकळून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरनं ओघळणारं पाणी त्या लोंबत्या जागी टपकतं, बोर्डात शिरत नाही. आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, नसेल तर टँकच्या आधी तो बसवा, पंपाला चीर गेली की पाण्यात करंट उतरतो आणि त्यावेळी फ्यूजच्या जागचा एमसीबी काय पडत नाही.

आवाज येत असेल तर दहातल्या आठ वेळा पंप काचेला किंवा पाइप स्टँडला टेकलेला असतो. खाली सिलिकॉनचा तुकडा घाला, पंपाच्या तोंडाला वीतभर मऊ होज जोडून मग कडक पाइप लावा, बास.

साफसफाई दर दोन महिन्यानी, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात एकदा हमखास. आमच्या नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं तेव्हा काय त्रास नाही, नळ नसला की बोअरचं भरतो आणि त्यानं इंपेलरवर पांढरं चढतं. तुमच्या पाण्याचं बघायचं असेल तर गिझर किंवा चहाचं पातेलं बघा, तिथं पांढरं धरत असेल तर पंपात पण धरतंय. इंपेलर काढायचा, पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात दोन तास बुडवायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं, बुशाची भोकं कापसाच्या काडीनं पुसायची, दोनदा साध्या पाण्यानं धुवायचं. राख, वाळू, तारेची घासणी असलं काय नको. सिरॅमिकचा शाफ्ट काढताना तिरका ओढू नका, खडूसारखा मोडतो, मी एक मोडलाय. पंप पाणी खेचतो तिथं जाळीवर जाडसर स्पंज चढवला की गोगलगाई आत जात नाहीत, तो स्पंज तेवढा आठवड्याला पिळायचा.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहा झाल्यावर, मी मुद्दाम पिन काढतो, पाच मिनिटं थांबतो, परत लावतो. असं तीनदा. एकदा जरी कुरकुरला तर त्याच दिवशी खोलतो. बाहेरगावी जायच्या आदल्या दिवशी तर हे करतोच करतो, आणि जाताना बॅटरीवरचा एअर पंप टँकला लावून जातो, करंट गेला की तो आपोआप चालू होतो, बुडबुडे येत राहिले की मासे रात्र काढतात.

सुटा इंपेलर, एक शाफ्ट, दोन रबरी बुश, एक ओ-रिंग हे सगळं मी कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईच्या, रिकाम्या बॉक्समध्ये घालून टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. दिवाळीत पाहुणे आलेले तेव्हा मेव्हण्यानं तो बॉक्स बघितला, इकडंतिकडं बघून हळूच उघडला आणि परत बंद करून ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.